डाव्या घोट्याखाली काळा तीळ

डॉक्टरबाईंनी माझा डावा पाय स्टुलावर ठेवायला सांगितला, भिंग घेऊन वाकल्या आणि मान वर न करताच विचारलं, "काका, इथे काय लावलंत?"

मी म्हणालो, काही नाही.

माझ्या मागे खुर्चीत बायको बसली होती. मंगल. ती शांतपणे म्हणाली, "चुना लावलाय. धुण्याच्या सोड्यात कालवून."

बाईंनी भिंग टेबलावर ठेवलं. वय फार तर पस्तीस असेल, पण जरब आमच्या जुन्या मुख्याध्यापकांची. "मी तीळ बघायला बसलेय आणि तुम्ही मला भाजलेला पाय दाखवताय. याच्याखाली काय आहे ते मला आता दिसणार कसं? आधी जखम भरू दे. पंधरा दिवसांनी या."

ज्या एका वाक्यासाठी मी दीड महिना जीव मुठीत धरून बसलो होतो, ते वाक्य हे निघालं. चांगलं नाही, वाईटही नाही. दिसत नाही. आणि दिसत नाही ते माझ्याच कर्तृत्वामुळे.

तुमच्यापैकी कुणाच्या अंगावर एखादा तीळ असेल आणि तो अलीकडे डोळ्यांत भरायला लागला असेल, तर हे त्यांच्यासाठी. मी यात जे जे केलं ते करू नका, एवढाच याचा उपयोग.

मी शेवगाव तालुक्यातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं लिपिक आहे. लिपिकाला आमच्याकडे सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे माझं खरं नाव मलाही पगारपत्रकावरच दिसतं. सरकारी रिवाजाप्रमाणे प्रत्येक कर्मचाऱ्याचं एक सेवापुस्तक असतं आणि त्याच्या पहिल्या पानावर ओळखीची खूण लिहायचा रकाना असतो. नोकरीला लागलो तेव्हा माझं सेवापुस्तक मीच माझ्या वळणदार अक्षरात भरलं होतं. डाव्या पायाच्या घोट्याखाली काळा तीळ.

आईला या तिळाचं फार कौतुक होतं. पायावर तीळ म्हणजे पोरगं देशोदेशी फिरणार, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पोरगं शेवगावहून नगरला गेलं आणि नगरहून शेवगावला आलं. शहराचं नाव मधल्या काळात बदललं, तेवढाच काय तो प्रवास.

चैत्रातली गोष्ट. रविवारी अंघोळीला बसून वजरीने टाच घासत होतो आणि तिळाकडे लक्ष गेलं. पूर्वी तो गोल होता अशी माझी समजूत. आता एका बाजूने पसरलेला वाटला, आणि काळ्यात मध्येच तपकिरी. मी तसाच टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि मंगलला पाय दाखवला. तिने मला दारातल्या उजेडात नेलं, खाली बसून नीट पाहिलं आणि म्हणाली, "नगरला दाखवा. त्वचेच्या डॉक्टरला. फोन करून नंबर लावा."

या आजारपणात कुणी जे काही शहाणपणाचं बोललं, ते सगळं एवढंच. पहिल्याच दिवशी, तीन वाक्यांत. ते मी सोडून बाकी सगळं केलं.

मंगल अंगणवाडी सेविका आहे. तिच्याकडे दर महिन्याला पन्नासेक पोरं वजनाच्या काट्यावर चढतात आणि ती त्यांचे आकडे लिहिते. मला वाटलं, मीही लिहावं. शाळेतलं एक कोरं आवक-जावक रजिस्टर घरी आणलं आणि रोज सकाळी प्लॅस्टिकच्या पट्टीने तीळ मोजायला लागलो. सहा मिलिमीटर. साडेसहा. सहा. सात. पट्टीवरच्या रेघेचीच जाडी जवळपास अर्धा मिलिमीटर असते, हे लक्षात न घेता मी शेऱ्याच्या रकान्यात 'वाढ' असं लाल शाईने लिहीत होतो.

मग मोबाईल. तिथे मला मेलॅनोमा हा शब्द भेटला. मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो पसरला तर फार वाईट. तपासायच्या खुणा अशा: तिळाची दोन अर्धी सारखी नाहीत, कड वेडीवाकडी, रंग एकापेक्षा जास्त, आकार पेन्सिलीच्या बुंध्याहून मोठा, आणि काळानुसार बदल. या खुणा खऱ्या आहेत, पुढे डॉक्टरबाईंनीही त्याच सांगितल्या. फक्त त्या डॉक्टरने बघायच्या असतात. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि पाचही खुणांपुढे बरोबरची खूण करून टाकली. शाळेच्या इतक्या वर्षांत एवढा पैकीच्या पैकी निकाल मी कुणाचा पाहिला नव्हता.

तिथेच वाचलं की हा आजार आधी जांघेतल्या गाठीत उतरतो. आमच्याकडे त्याला अवधान येणं म्हणतात. पायाला काटा रुतला तरी येतं. मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा जांघ चाचपायला लागलो. ऑफिसात, टेबलाखाली. इतकी चाचपली की चार दिवसांत ती खरोखरच दुखायला लागली. दुखतंय म्हणून पुन्हा चाचपली. एका शिक्षिकेने खुर्ची सरकवून दुसऱ्या बाजूला नेली, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

आणि मी सगळ्यांना सांगितलं. स्टाफरूममध्ये सांगितलं, गिरणीत सांगितलं, केस कापताना सांगितलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला रोज फोन करून मोजमाप सांगितलं. लोक ऐकून घेतात आणि मग आपल्याकडचा एक काढून देतात. प्रत्येकाच्या घरी असा एक मेलेला माणूस तयार असतो. कुणाचा साडू, कुणाचा मामा. "अगदी तुमच्यासारखंच झालं होतं बघा, साधाच फोड." त्यांचा हेतू वाईट नसतो. हेतू चांगला असलेल्या माणसांनी मला त्या महिन्यात जितकं घाबरवलं, तितकं एखाद्या वैऱ्याला जमलं नसतं.

शेवटी मंगलनेच फोन करून नंबर लावला. अकरा दिवसांनंतरचा शुक्रवार मिळाला.

त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी आमचा शिपाई गोरक्ष म्हणाला, "भाऊसाहेब, त्येच्यासाठी नगरला कशाला जाता? चुना आन सोडा कालवायचा, काडीनं लावायचा. माझ्या मेव्हन्याचा मस दोन दिसांत गळून पडला. निशानी न्हाई ऱ्हायली."

निशाणी राहत नाही, हे शब्द माझ्या डोक्यात बसले. आता हे वाचून तुम्ही हसाल, पण त्या दुपारी मला ते फार बिनतोड वाटलं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिलेली आहे. फाईलच गहाळ झाली की चौकशी थांबते. तीळच राहिला नाही, तर डॉक्टर बघणार काय आणि सांगणार काय?

शाळेच्या भांडारखोलीत, जुन्या नकाशांच्या मागे बसून मी तो लेप लावला. गोरक्ष काडी धरून उभा होता. पहिली पाच मिनिटं गार वाटलं. मग असं भाजायला लागलं की मी नकाशाची काठी दातांत धरली. संध्याकाळपर्यंत तिथे काळी खपली झाली, भोवती लालबुंद. गळून काहीच पडलं नाही. घरी मी चप्पल लागली म्हणून सांगितलं. मंगलने माझ्या बोटांच्या पांढऱ्या पडलेल्या टोकांकडे आणि खिशातल्या सोड्याच्या पुडीकडे पाहिलं. बोलली ती थेट शुक्रवारी, डॉक्टरबाईंसमोर.

डॉक्टरबाईंनी मलम दिलं. निघताना म्हणाल्या, "आपल्या लोकांत हा आजार क्वचित होतो. पण होतो तेव्हा बरेचदा पायाला होतो, म्हणून मी हे सोडून देणार नाही. तुम्ही मात्र धीर सोडू नका. आणि जांघ दाबत बसू नका."

शेवटचं त्यांना कुणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. मंगल पर्स आवरत होती. एवढ्या सगळ्या बोलण्यातलं मला ऐकू आलं ते एकच, पायाला होतो. करंजी घाट उतरेपर्यंत एसटीत मी ते तीन-चारदा मोठ्याने म्हणालो. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

माझ्या चुन्यामुळे वाट बघणं पंधरा दिवसांनी वाढलं. त्या पंधरा दिवसांबद्दल सांगताना मला अजून लाज वाटते, पण ते गाळलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

मी जेवण कमी केलं आणि ते कुणाच्या लक्षात येतंय का हे बघत बसलो. कागदपत्रांची पिशवी काढून मंगलला समोर बसवलं आणि कुठला कागद कुठे, नॉमिनी कोण, पेन्शनसाठी अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे समजावलं. ती समोर रजिस्टर घेऊन पोरांच्या उंच्या भरत होती आणि हूं म्हणत होती. मी विचारलं, मी काय म्हणालो ते सांग. तिने सगळं बिनचूक सांगितलं. त्याचाही मला राग आला. नवऱ्याच्या मरणाचे कागद बायकोला इतके पटकन पाठ व्हावेत, याचा.

एका सकाळी मी भांडलोच. ती चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, भाकरी थापत होती. मी म्हणालो, तुला काहीच कसं वाटत नाही? माणूस इथे रोज मरतोय आणि तू डबे भरतेस?

ती म्हणाली, "वाटतं ना. पण एवढी भाकरी होऊ द्या."

हे मी मुलीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. तुझ्या आईचं काळीज दगडाचं आहे, असंही सांगितलं. मुलगी म्हणाली, "पप्पा, आईला फोन द्या." त्या दोघी काय बोलल्या ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. मी जांघ चाचपत होतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा नगर. या वेळी डॉक्टरबाईंनी डर्मोस्कोप लावला. डर्मोस्कोप म्हणजे दिव्याचं भिंग. कातडीच्या वरच्या थराखालचे रंग आणि रेषा त्यात दिसतात. जखम भरली होती, पण चुन्याने मधला भाग पांढरा केला होता आणि कडेला काळा रंग उरला होता. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मी त्यांच्या भुवयांकडे पाहत राहिलो.

"बहुतेक साधा आहे," त्या म्हणाल्या, "पण बहुतेकवर मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. तुम्ही तो भाजला नसता तर कदाचित नुसतं बघूनच सांगितलं असतं. आता काढून तपासावा लागेल."

याला एक्सिजन बायोप्सी म्हणतात. अख्खा तीळ भोवतीच्या थोड्या कातडीसकट कापून काढायचा आणि त्याचे पातळ काप करून दुर्बिणीखाली पाहायचे. जागा बधिर करायचं इंजेक्शन तेवढं लागतं, पुढे काही कळत नाही. अर्धा तास आणि पाच टाके. ज्यांना हे करायला सांगितलंय त्यांनी खुशाल करावं. दुखण्याच्या बाबतीत ते गोरक्षच्या चुन्याच्या पासंगालाही पुरत नाही.

आमच्याकडे काढलेला तुकडा लॅबमध्ये पोचवायचं काम नातेवाइकांचं असतं. सिस्टरने एक लहान प्लॅस्टिकची बाटली मंगलच्या हातात दिली. फॉर्मॅलिन नावाच्या पाण्यात, म्हणजे तुकडा सडू नये म्हणून असलेल्या औषधात, माझी ओळखीची खूण तरंगत होती. मंगलने ती पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी उभी ठेवली आणि पडू नये म्हणून रुमाल खोचला.

लॅब दुसऱ्या गल्लीत होती. मी लंगडत मागून चाललो होतो. पाटी दिसेना म्हणून मी एका दुकानात विचारायला निघालो, तोवर ती एका बोळात वळली. "इकडून. पुढचा जिना बंद असतो." वर गेल्यावर म्हणाली, "तुम्ही बसा. पाणी प्यायचं तर त्या दाराच्या मागे आहे." मी विचारलं, तुला काय माहीत? ती म्हणाली, सगळीकडे तसंच असतं. ते मला पटलं. दर सहा महिन्यांनी तिला अंगणवाडीच्या प्रशिक्षणासाठी नगरला यावं लागायचं, तेव्हा तिला गल्ल्या माहीत असणार, असंही वाटून गेलं.

काउंटरवरच्या मुलीने मोबाईल नंबर विचारला. रिपोर्ट तयार झाला की मेसेज येतो. मी तोंड उघडलं आणि माझं धाडस गळालं. तो मेसेज माझ्या खिशात वाजणार, या विचारानेच घाम फुटला. मी म्हणालो, बायकोचा नंबर घ्या.

मंगलने माझ्याकडे पाहिलं. जरा थांबली. मग म्हणाली, "द्या."

पुढचे नऊ दिवस तिचा फोन वाजला की मी घरातून बाहेर जायचो. एकदा पायरीवरून उतरताना गडबडीत उजवा पाय लंगडला. शेजारच्या काकूंनी कोणता पाय कापलाय म्हणून विचारलं.

दहाव्या दिवशी सकाळी मेसेज आला. मंगलने मला चहा दिला आणि रिपोर्ट तयार असल्याचं सांगितलं. त्या दिवशी अंगणवाडीत वजनं घ्यायची होती, पर्यवेक्षिका येणार होत्या. मी म्हणालो, मग उद्या दोघं जाऊ. ती म्हणाली, "उद्या कशाला? आज एकटे जा. जमतं."

जमतं, हा शब्द मला तेव्हा नुसता कोरडा वाटला. बसस्टँडपर्यंत मी त्याच्यावर चिडून होतो. आपल्या आयुष्याचा निकाल आणायला आपण एकटे चाललोय, आणि बायको परक्यांच्या पोरांना काट्यावर बसवतेय. दोन तासांच्या एसटीच्या प्रवासात मी तिच्या विरोधात इतके मुद्दे काढले की नगर कधी आलं ते कळलं नाही.

लॅबमध्ये तीच मुलगी होती. मी नंबर सांगितला. तिने टाइप केलं आणि विचारलं, "या नंबरवर दोन रिपोर्ट दिसतायत. कुठला पाहिजे?"

मी म्हणालो, एकच असेल, माझा.

"एक तुमचा आहे. एक मंगल नावाने, जुना. घरच्याच ना तुमच्या?"

मी हो म्हणालो. तिने दोन्ही छापून माझ्या हातात दिले.

आता खरं सांगतो. मी आधी माझा वाचला. बायकोच्या नावाचा कागद खाली धरून माझा कागद दोनदा वाचला. शेवटच्या ओळीत बिनाइन नेव्हस असं होतं. बिनाइन म्हणजे निरुपद्रवी, नेव्हस म्हणजे तीळ. शेजारी रसायनाने भाजल्याच्या खुणा अशी नोंद होती. माझी अक्कल दुर्बिणीखालीसुद्धा दिसली होती. मी त्याचा फोटो डॉक्टरबाईंना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "साधा तीळ आहे काका. यापुढे चुना भिंतीला लावा." मी बाकावर बसलो आणि मला रडू आलं. समोरच्या माणसाने न विचारता पाण्याचा ग्लास आणून दिला.

पाणी पिऊन झाल्यावर मी दुसरा कागद उघडला.

ट्रूकट बायोप्सी. म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं. डाव्या स्तनातली गाठ. रुग्णाची तक्रार तीन महिन्यांपासून. निष्कर्षाच्या ओळीत माझ्या कागदावरचाच शब्द होता, बिनाइन. खाली सूचना, दर सहा महिन्यांनी तपासणी.

लिपिकाची नजर तारखांवर जाते. नमुना आल्याची तारीख आणि रिपोर्ट दिल्याची तारीख, मध्ये आठ दिवस. दोन वर्षांपूर्वीचे, दिवाळी झाल्यानंतरचे.

ते दिवस मला आठवले, कारण बोर्डाचे फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ होती. त्याच सुमाराला एकदा मी जेवत असताना ती म्हणाली होती, काखेपाशी काहीतरी टणक लागतंय. मी फॉर्मांची यादी तपासत होतो. मी म्हणालो होतो, फराळाचं जास्त झालं असेल, गॅस धरला असेल, ओवा खा. मान वर करून पाहिलं असेन असं वाटत नाही. माझा तीळ मी रोज मिलिमीटरमध्ये मोजला. तिची गाठ मी ओव्यावर निकालात काढली.

मग एके दिवशी तिला नगरला प्रशिक्षण होतं. मी म्हणालो होतो, येताना मला चप्पल आण. तिने आणली. ती अर्ध्या नंबरने लहान निघाली, म्हणून मी दोन दिवस तिला बोलत होतो. साधं एक काम सांगितलं तर धड होत नाही, लक्ष कुठे असतं तुझं, असं काहीतरी.

लक्ष कुठे होतं ते आता माझ्या हातात छापून आलं होतं.

ते आठ दिवस आमच्या घरात कसे गेले, हे मी येताना सगळ्या वाटेवर आठवायचा प्रयत्न केला. काहीच आठवेना. डबा रोज मिळाला असणार. इस्त्रीचे कपडे मिळाले असणार. एकदा आमटी खारट झाल्याचं आठवतं, तेही मी ताट सरकवलं म्हणून.

ज्यांच्यासाठी हे लिहितोय त्यांना सांगायचं राहिलं ते इथेच सांगतो. तीळ बदलतोय असं वाटलं तर महिन्यातून एक फोटो काढून ठेवा, रोज मोजू नका. त्याला काही लावू नका, बांधू नका, कापू नका. सरळ त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, लवकर दाखवा. नंबर लागेपर्यंतचे दिवस वाईट जातात, त्यांना औषध नाही. ज्या डॉक्टरबाईंनी मला झापलं आणि तरी बहुतेकवर सोडून दिलं नाही, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. आणि घरात दुसरं कुणी तुमच्यासारखंच वाट बघत बसलेलं नाही ना, ते जेवताना मान वर करून एकदा बघा. त्याला मोबाईल लागत नाही.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. मंगल ओट्यावर बसून दिवसाची वजनं मोबाईलमध्ये भरत होती. मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिने आधी माझा उचलला, शेवटची ओळ शोधली आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. दगडाचं काळीज मी असं पहिल्यांदाच जवळून पाहिलं.

मग दुसरा कागद पाहून म्हणाली, "हा कशाला दिला त्यांनी?"

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"सांगितलं होतं की. तुम्ही ओवा दिलात."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बोलायला काहीतरी सापडलं असतं. मी विचारलं, दर सहा महिन्यांनी तपासायला सांगितलंय, ते? ती म्हणाली, जाते ना. तेव्हा मला कळलं की अंगणवाडीचं प्रशिक्षण इतक्या नेमाने का येत होतं. ती म्हणाली, आता पुढच्या महिन्यात आहे.

मी म्हणालो, मी येतो बरोबर. सुट्टी टाकतो.

तिने उरलेल्या दोन पोरांची वजनं भरली, फोन बाजूला ठेवला आणि दोन्ही कागदांची एकत्र घडी घातली.

"नको," ती म्हणाली. "मला एकटीलाच बरं पडतं. तुम्ही बरोबर असलात की मला घाबरायला सवडच मिळत नाही."